जरा जास्त हाय

सांगावे आण्णा सकाळच्या वेळी कुणाच्या दारात उभे दिसले, की घरातली बाई हातातलं काम खाली ठेवायची. ते काही बोलायच्या आधीच. आण्णा उंबऱ्याच्या अलीकडे थांबत. चपला काढत नसत, ‘बसा’ म्हटलं तर बसत नसत, आणि पाणी तर मुळीच घेत नसत. डोक्यावरची टोपी नीट करायची आणि म्हणायचं, ‘‘आप्पांचं जरा जास्त हाय. निघा.’’ संपलं. लगेच पुढच्या गावाला जायचं असे.

जास्त आहे म्हणजे दुखणं वाढलंय. पण आण्णांच्या तोंडून ते आलं म्हणजे आप्पा गेले, हे ऐकणाऱ्याला कळायचं आणि तरी कुणी तसं बोलून दाखवायचं नाही. पिशवीत एक लुगडं कोंबायचं, शेजारणीला गुरांचं सांगायचं आणि एसटी गाठायची. एकदा मी त्यांना विचारलं होतं, की सरळ का सांगत नाही? म्हणाले, ‘‘गाडीत बसल्यावर मानूस आपल्या आपन समजून घेतंय. दारातच सांगितलं तर उंबऱ्यावरच बसतंय. मग त्येला मातीला कोन न्हेनार?’’

मातीला म्हणजे अंत्यविधीला. आमच्याकडे तोच शब्द. आमचं गाव पलूसच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात. बहुतेक घरांतला कुणी ना कुणी मिलिटरीत. आण्णाही तिथे ट्रक चालवून पेन्शनीवर आलेले. सांगावे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. सांगावा म्हणजे निरोप, आणि मयताचा निरोप पोचवायचं काम त्यांनी कधीतरी अंगावर घेतलं ते घेतलंच. कुणी नेमलं नव्हतं, कुणी कधी आभारही मानले नाहीत. कुणी गेलं, की आण्णांची फटफटी तासगावकडे, कोरेगावकडे, पार पूर्वेच्या माळावरच्या धनगरवाड्यांपर्यंत जायची. लेकी दिलेल्या सगळ्या गावांतली घरं त्यांना ठाऊक होती. चौकशी करावी लागत नसे.

माझ्याकडेही ते एकदा आले होते. मी साताऱ्याला शिक्षिकेचा कोर्स करत होते. वसतिगृहाच्या फाटकाबाहेर आण्णा उभे. ‘‘दादांचं जरा जास्त हाय. चल.’’ दादा म्हणजे माझे वडील. एसटीत ते माझ्याशेजारी बसले आणि वाटभर उसाच्या लावणीचं बोलत राहिले, कुठलं बेणं चांगलं आणि कुठलं नुसतं उंच वाढतं. मला इतका संताप आला होता त्यांचा. कऱ्हाड मागे पडलं आणि मला एकदम रडू फुटलं. आण्णांनी बोलणं थांबवलं, खिडकीची काच सरकवून दिली आणि गावाचा फाटा येईपर्यंत गप्प बसले. तेव्हापासून त्यांच्याविरुद्ध कुणी एक अक्षर बोललं तर मी ऐकून घेत नाही. माझं तोंड मुळातच फाटकं आहे, हे शाळेत सगळ्यांना माहीत आहे.

त्यांचा आणखी एक नियम होता, आणि पुढे सगळं त्याच्यावरूनच झालं म्हणून तो नीट सांगते. मयताची बातमी आली की ती खरी का खोटी, हे त्या घराला कधीही विचारायचं नाही. ‘‘ज्येचं मानूस गेलंय, त्येला ‘खरं का’ म्हनून इचारायचं न्हाई,’’ ते म्हणत. ‘‘त्येंच्या तोंडातनं त्ये पुन्ना वदवून घेयाचं न्हाई. एकदा झालं तेवढं बास हाय.’’ आणि जिवंत माणसाच्या घरी असं विचारणं तर त्याहून वाईट. हा नियम एकट्या आण्णांचा नव्हता, सगळ्या गावाचाच होता. आमच्याकडे कुणी असा फोन केला, तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होईल.

मोबाईल आले तसा गावाचा ग्रुप झाला. नाव ‘सुख-दुःख’, आणि चालवणारे अर्थातच आण्णा. टाईप करायचा त्यांना कंटाळा. ते आवाजच पाठवत. आधी एक खोकला, मग राम राम, मग गेलेल्याचं नाव, कुणाचा कोण, माती किती वाजता, आणि मिरजेकडून येणाऱ्यांना कुठली एसटी मिळेल. इथे मात्र ‘जरा जास्त हाय’ म्हणत नसत. ‘‘ह्यात समोरच्याचं तोंड दिसत न्हाई. सरळच सांगाय लागतंय,’’ असं म्हणायचे, आणि ते त्यांना आवडत नसे हे दिसायचं. पण सीमेवर असलेली, पुण्यात कंपनीत असलेली पोरं त्या खोकल्यावरून ओळखायची. एक जण मला म्हणाला होता, आण्णांचा खोकला ऐकला की आधी मी बसून घेतो.

शेजारच्या तालुक्यात एक साहेब होते. अख्खं आयुष्य साखर कारखान्याच्या राजकारणात गेलेलं. ते पुण्याला दवाखान्यात आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. एका सकाळी त्यांच्याच गावातल्या, आण्णांबरोबर मिलिटरीत असलेल्या एका दोस्ताचा मोबाईलवर निरोप आला, की साहेब गेले. आण्णांनी तो पुन्हा ऐकला. साहेबांच्या धाकट्या भावाचा नंबर त्यांच्याकडे होता. लावला नाही. कसा लावणार? त्यांनी खोकला काढला आणि ग्रुपवर सांगितलं.

बाजार बंद झाला. हारांच्या ऑर्डरी गेल्या. ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून माणसं निघाली. दुपारी साहेबांच्या मुलाने दवाखान्यातून व्हिडिओ पाठवला, वडील उशीला टेकून पेज पीत होते. साहेब म्हणे स्वतः हसले. पण कार्यकर्ते हसले नाहीत, निवडणूक तोंडावर आली होती. दोस्ताने आपला निरोप केव्हाच पुसून टाकला होता. आण्णांचा आवाज मात्र दोन तालुक्यांच्या फोनमध्ये होता, खोकल्यासकट.

तेव्हा तो नवा सायबर कायदा येऊन थोडेच दिवस झाले होते. त्याचं सरकारी नाव लांबलचक आहे. गावात सगळे त्याला मोबाईलचा कायदा म्हणतात. खोटी बातमी कुणी तयार केली आणि कुणी नुसती पुढे पाठवली, यात तो कायदा फरक करत नव्हता. कार्यकर्त्यांनी तक्रार केली आणि आण्णांवर गुन्हा दाखल झाला.

फोन जप्त करायला जो हवालदार आला तो पलीकडच्याच वाडीचा. मान खाली घालून ओसरीवर बसला. काकींनी, म्हणजे आण्णांच्या बायकोने, तांब्या पुढे केला तर घेईना. ‘‘घे रं,’’ आण्णा म्हणाले, ‘‘तू काय सांगावा घिऊन आलेला न्हाईस.’’ तो पाणी प्यायला आणि म्हणाला, ‘‘आण्णा, एक फोन लावून इचारायचं हुतं की.’’

‘‘कुनाला?’’

‘‘त्येंच्या घरी.’’

आण्णा त्याच्याकडे बघत राहिले. ‘‘गड्या, तुझी आजी गेली तवा तुझ्या बापाला कुनी फोन केला हुता का, खरं का म्हनून?’’

तो पंचनाम्यावर सही घेऊन, फोन पाकिटात घालून घेऊन गेला. ठाण्यातही तोच प्रश्न झाला: खातरजमा का केली नाही? आण्णांनी नियम सांगितला. पोलिसांनी ऐकून घेतला आणि जबाबात ‘खातरजमा केली नाही’ एवढंच लिहिलं. ते खोटंही नव्हतं.

आण्णांना जेल होईल म्हणून काकी झुरायला लागल्या. आण्णांना जेलचं एवढं वाटत नव्हतं. त्यांच्या जिवाला लागलं होतं ते वेगळंच. ‘‘खोटारडा म्हनून कागदावर नाव लागलंय, मास्तरनी,’’ ते मला म्हणाले. मी सांगलीच्या शाळेत मराठी शिकवते म्हणून मला ते मास्तरनी म्हणत. ‘‘एवढ्या दारात उभा ऱ्हायलो. एकानं कवा उलटून इचारलं न्हाई, खरं का म्हनून. आता मरायच्या आधी तेवढं नाव कागदावरनं निघाय पायजे.’’

अशातच पेपरात आलं, की कायद्यावर फार ओरड झाल्यामुळे सरकार तो सुधारणार आहे. समिती नेमली आहे, लोकांच्या हरकती आणि सूचना ऐकायला ती जिल्ह्याजिल्ह्यात येणार, सांगलीतही येणार. मला तर देव पावल्यासारखं झालं. आण्णांचा वकीलही म्हणाला, कायद्यात दुरुस्ती झाली तर केसमध्ये तोंड उघडायला जागा होईल. मी आण्णांना दोन दिवस आधीच घरी बोलावून घेतलं आणि स्वयंपाकघरात उभं करून त्यांच्याकडून भाषण घोकून घेतलं. प्रत्येकाला तीनच मिनिटं मिळणार होती. मुद्दा सोपा होता: जो जाणूनबुजून खोटं पसरवतो त्याला धरा, ज्याला माहीत नव्हतं, ज्याने फक्त पुढे पाठवलं, त्याला गुन्हेगार ठरवू नका. आमच्या मयताच्या रिवाजाचं त्यानंतर सांगायचं. आण्णा मध्येच गावाच्या नावाआधी ‘मौजे’ वगैरे लावायला लागले की मी दटावायची. ‘‘पाठ झालं गं बाई,’’ म्हणाले शेवटी, ‘‘आता झोपू दे.’’

सरकारी सभागृहाचं काम चाललं होतं म्हणून सुनावणी एका मंगल कार्यालयात ठेवली होती. मागच्या भिंतीवर आदल्या दिवशीच्या लग्नाची झेंडूची तोरणं तशीच, आणि त्यांच्याखाली समितीचे तिघे. लोक बरेच होते. वकील होते, पत्रकार होते, पोरं-पोरी होत्या. बहुतेक जण कायदा कसा जुलमी आहे तेच सांगत होते, टाळ्या पडत होत्या. आण्णांनी धुतलेला सदरा घातला होता. तोंडातल्या तोंडात पाठ चाललेला मला दिसत होता.

त्यांच्या आधी एका बाईचा नंबर लागला. साधी, साठीच्या आतली, डोक्यावर पदर घेतलेली बाई. तिने माईक दोन्ही हातांनी धरला. तिच्या मुलीचा चेहरा कुणीतरी दुसऱ्याच अंगावर लावून फोटो फिरवला होता. मुलीने कॉलेज सोडलं. घराबाहेरच काय, माजघरातूनही बाहेर येत नाही. ‘‘पहिलं कुनी केलं त्ये सापडलंच न्हाई,’’ बाई म्हणाली. ‘‘गावातल्या ज्यांनी ज्यांनी फुडं पाठवलं, त्ये समदे म्हनत्यात, आमास्नी काय म्हाईत, आमी नुसतं फुडं पाठवलं. जानूनबुजून न्हाई केलं. मग माझ्या पोरीचं कुनी केलं वो सायेब?’’

तिला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ती खाली उतरली आणि आण्णांचं नाव पुकारलं.

आण्णा माईकपाशी गेले. मी तिसऱ्या रांगेत बसून मनात पहिलं वाक्य म्हणत होते. त्यांनी टोपी नीट केली, खोकले. नाव सांगितलं, गाव सांगितलं, कुणाचा कोण तेही सांगितलं, आणि थांबले. त्यांना ती बाई समोर बसलेली दिसत होती. पदराने तोंड पुसत होती.

‘‘मी हितं दुसरंच बोलाय आलतो,’’ आण्णा म्हणाले. ‘‘पन ह्या ताईंचं बरोबर हाय. फुडं पाठवनाराला सोडू नका. त्येच्यामुळंच लांबवर जातंय.’’ मग पुन्हा थांबले. माझ्याकडे बघितलं. मी हाताने खुणा करत होते, बोला, आपलं बोला. ‘‘माझं एवढंच म्हननं हाय, की मौतीच्या बातमीचं जरा...’’

तीन मिनिटं संपल्याची घंटी वाजली. ‘‘धन्यवाद काका. पुढचे,’’ असं मधले अध्यक्ष म्हणाले, सौजन्याने म्हणाले, मला त्यांचाही राग करता येत नाही. माईक बंद झाला होता आणि आण्णा तो हातात धरून तसेच उभे होते. एका शिपायाने हळूच काढून घेतला.

बाहेर चहाच्या गाड्यावर मी त्यांना नको नको ते बोलले. एवढा जीव काढला, घोकून घेतलं, आणि तुम्ही जाऊन त्यांचीच बाजू घेतली! आण्णांनी चहा बशीत ओतला. ‘‘त्या बाईच्या तोंडावर कसं म्हनू, मला म्हाईत नव्हतं म्हनून मला सोडा? तिला त्येच ऐकून ऐकून ही पाळी आलीया.’’

‘‘अहो, तुमची गोष्ट वेगळी आहे.’’

‘‘वेगळी हाय की. पन वेगळी कशी, ह्ये तू एका वाक्यात सांग बघू.’’

व्याकरण शिकवण्यात माझा जन्म गेला. पण तो मेला फोटो पुढे ढकलणारा आणि आमचे आण्णा, यांना वेगळं करणारं कायद्यात बसेल असं एक वाक्य मला त्या दिवशी सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. कधीकधी वर्गात फळ्याकडे तोंड केलं की तेच डोक्यात येतं.

काही महिन्यांनी समितीने कुणाकुणाचं काय म्हणणं होतं त्याचा गोषवारा जाहीर केला. त्यात आण्णांचं नाव ‘कायद्यास पाठिंबा’ या सदरात होतं. मी चिडून फोन केला, काकींच्या फोनवर, कारण आण्णांचा फोन अजून पोलिसांच्या पाकिटातच होता. ‘‘मग खोटं काय लिवलंय त्यात?’’ म्हणाले. ‘‘मी म्हनलोच हुतो.’’ सुधारलेला कायदा आला. त्यात बरंच काही बदललं, पुढे पाठवणाऱ्याचं कलम तेवढं आहे तिथेच राहिलं. त्या बाईच्या मुलीसाठी ते राहायलाच हवं होतं, आणि आण्णांसाठी जायला हवं होतं. मी दोघांसाठी काय मागायचं होतं?

केस चालू राहिली. तारीख पडायची, आण्णा सदरा घालून जायचे, पुढची तारीख घेऊन यायचे. वकिलाने बजावलं होतं, केस संपेपर्यंत ग्रुपबिपच्या भानगडीत पडू नका. ग्रुप बंदच झाला. दुसऱ्या कुणी काढला नाही. कोण अंगाशी आणून घेईल? आणि फटफटी काढायला आता पायात जोर नव्हता.

त्यांच्याच गल्लीतली एक म्हातारी गेली तेव्हा मी गावात होते. आण्णा ओसरीच्या खांबाला टेकून बसलेले. आतल्या आत त्यांची घालमेल चाललेली मला दिसत होती. कुठल्या लेकीला कुठून निघावं लागेल, याचा हिशोब ते मनात करत असणार. पण उठले नाहीत. म्हातारीची तासगावची भाची दुसऱ्या दिवशी आली, राखेपाशी बसली. जाताना आण्णांच्या ओसरीसमोर थांबली. ‘‘आण्णा, आवं तुमी पन सांगितलं न्हाई?’’

‘‘आता मी सांगत न्हाई बाय,’’ आण्णा म्हणाले. ती गेल्यावर कितीतरी वेळ ते त्याच बाजूला बघत होते. मला धाय मोकलून रडावंसं वाटलं. करता काय येणार होतं? न्यायाधीशांसमोर मी जाऊन सांगू, की हा माणूस खोटारडा नाही? त्यांनी विचारलं असतं, खातरजमा केली होती का?

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी भावाचा फोन आला. तो गावातच असतो. म्हणाला, ‘‘आण्णांचं जरा जास्त हाय. ये.’’ मी काही विचारलं नाही. शाळेत चिठ्ठी दिली आणि पलूसची गाडी पकडली. खिडकीची काच मीच सरकवली.

घरासमोर मी धरून चालले होते तेवढी गर्दी नव्हती. चारदोन भाऊबंद, शेजारपाजार. अर्ध्या जिल्ह्याच्या दारात उभा राहिलेला माणूस, आणि त्याच्या दारात माणसं नाहीत. का ते आत गेल्यावर कळलं. आण्णांना बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं आणि काकी त्यांच्या पायाशी बसल्या होत्या. हातात फोन होता. तो वाजत होता. त्या उचलत होत्या, ऐकत होत्या आणि म्हणत होत्या, ‘‘व्हय. खरं हाय.’’ ठेवला की पुन्हा वाजत होता. ‘‘व्हय. खरं हाय.’’ बातमी कानोकानी गेली होती, पण पुढे कळवायला कुणी धजत नव्हतं. आधी खात्री करून घेत होते. कायदा कडक आहे, आणि आण्णांचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलं होतं. त्यात वाईट कुणी नव्हतं. सगळे त्यांचेच लोक होते.

‘‘सकाळधरनं चाललंय,’’ काकी मला म्हणाल्या. ‘‘परत्येकाला सांगाय लागतंय गं.’’ त्यांचा आवाज बसून गेला होता. आयुष्यभर ज्या एका गोष्टीपासून आण्णांनी परक्या घरांना वाचवलं, ती त्यांच्याच बायकोच्या वाट्याला आली होती, आणि ते शेजारी डोळे मिटून पडले होते.

फोन पुन्हा वाजला. मी तो काकींच्या हातातून घेतला. पलीकडे तासगावचा कुणी म्हातारा माणूस होता. ‘‘वैनी, रागावू नगा,’’ तो चाचरत म्हणाला, ‘‘आण्णांचं कायतरी कानावर आलंय. अफवा असंल म्हनून इचारतोय. खरं...’’

मी त्याला पुढे बोलू दिलं नाही.

‘‘आण्णांचं जरा जास्त हाय,’’ मी म्हणाले. ‘‘निघा.’’

फोनमधून त्याच्या मागचा ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मग म्हणाला, ‘‘निघतो, बाय.’’ आणि त्याने फोन ठेवला.